मोरीसाठी चारा आणि आमिष : खोल पाण्यात वासाची वाट कशी बांधावी

मोरी, म्हणजे मुशी किंवा शार्क मासा, गळाला येते ती वासाच्या मागावर. पाण्याच्या ओढीबरोबर वाहत आलेला तेलाचा आणि रक्ताचा वास तिला लांबून कळतो आणि ओढीच्या उलट पोहत ती त्या वासाच्या उगमाकडे येत राहते. म्हणून बोटीवरचं निम्मं काम गळ पाण्यात पडायच्या आधीचं असतं. चारा (वासासाठी पाण्यात सोडायचे मासे) टाकून वासाची एक बारीक, न तुटणारी रेघ बांधायची आणि त्या रेघेतला सगळ्यात चांगला घास आपल्या गळावर ठेवायचा. हौसेने गरवायला जाणारे बरेचजण इथेच चुकतात. टोपलीभर तारली एकदम पाण्यात ओततात, अर्धा तास वाट बघतात आणि पुन्हा टोपली ओततात. त्यातून केंड आणि शिंगाळ्या अशा नको असलेल्या माशांची पोटं भरतात, मोरी येत नाही.

खालची मापं १५ ते ३० वाव (एक वाव सुमारे १.८ मीटर) पाण्यात, साधारण ३० फुटी फायबर बोटीवर, चार तासांच्या बैठकीसाठी धरली आहेत.

निघण्यापूर्वी

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा हा विचारच नको. बोटीची नोंदणी, सगळ्यांची ओळखपत्रं, लाइफ जॅकेट, चालू असलेला व्हीएचएफ रेडिओ संच (चॅनेल १६) आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) पाठ, एवढं झाल्याशिवाय बंदर सोडू नका. मालवणच्या सागरी अभयारण्यात (१९८७ सालचं, २९.१२ चौरस किलोमीटर) चारा टाकू नका आणि गळही टाकू नका. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँकेवर प्रवाळ आहे. नांगराने ते मोडतं, म्हणून तिथे नांगर नको.

किनाऱ्याजवळ चारा सोडायचाच नाही. तारकर्ली, दांडी, गणपतीपुळे, गुहागर इथे लोक पाण्यात उतरतात, काही ठिकाणी स्कूबा चालतं. एक नॉटच्या ओढीत चार तासांत तुमचा चारा सात किलोमीटरहून जास्त लांब जातो. भरतीची ओढ किनाऱ्याकडे असेल तर तो कुठे पोचेल याचा हिशेब आधी करा. दहा किलोमीटरच्या आत चाऱ्याचा डबा उघडू नये, असं आमचं ठाम मत आहे.

कुठल्या मुश्या धरायच्या नाहीत हेही ठाऊक असायला हवं. व्हेल शार्क आणि करवत मासा २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीने यादी आणखी वाढली. सध्याची यादी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात बघून घ्या आणि चित्रांसह बोटीवर ठेवा. हातोड्यासारख्या डोक्याची मुशी दिसली तर ती पाण्यातच सोडायची, यात वाद नको. पर कापून धड फेकणं २०१३ पासून बंद आहे आणि परांची निर्यात २०१५ पासून.

चाऱ्याचा माल

चार तासांना साधारण १५ किलो माल पुरतो. त्यात १० किलो तारली, ३ किलो बांगडा किंवा कुप्याची (ट्यूनाची) डोकी, कल्ले, आतडी आणि रक्त, २ किलो तांदळाचा बारीक कोंडा. शिवाय एक लिटर तारलीचं तेल वेगळं. तारली पोट फुटलेली, स्वस्तातली चालेल, पण नासलेली चालणार नाही. मोरीला कुजका वास आवडतो हा समज खोटा आहे. तिला ओढतं ते ताजं रक्त, माशाचं तेल आणि ताज्या मांसातून पाण्यात विरघळणारे रस. सडलेल्या मालातलं हेच आधी निघून गेलेलं असतं.

चाऱ्यात मोरीचे किंवा मुशीचे तुकडे कधीच घालू नका. बाजारातून उरलेली मोरीची डोकी स्वस्त मिळतात म्हणून हा मोह होतो. कुजणाऱ्या मुशीच्या मांसातल्या द्रव्यांपासून जिवंत मुश्या दूर पळतात. हे प्रयोगांत दिसलेलं आहे आणि माणसांसाठी मुशी पळवणारी औषधंसुद्धा त्यावरून बनवली आहेत. पंधरा किलो मालात दोन किलो असे तुकडे गेले तरी बैठक फुकट जाऊ शकते.

तारलीचं तेल हंगामाप्रमाणे बदलतं. पावसाळ्यानंतर डिसेंबरपर्यंतची तारली तेलकट असते, तेव्हा वरून अर्धा लिटर तेलही पुरतं. मार्च-एप्रिलमध्ये ती कोरडी पडते, मग पूर्ण लिटर घ्या. होडीला चोपडायला मिळतं ते तेल चालतं, फक्त ज्या कॅनमध्ये कधी डिझेल किंवा रॉकेल होतं त्यातलं नको. हाताला डिझेल लागलं असेल तरी साबणाने धुतल्याशिवाय आमिषाला शिवू नका. इंजिन बघणारा आणि आमिष लावणारा खलाशी वेगळा असला तर उत्तम.

माल दोन जाडीचा करायचा. दोन तृतीयांश खिमा यंत्रातून ८ मिलिमीटरच्या जाळीने काढा, उरलेल्याचे कोयत्याने बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. बारीक माल वास आणि ढग करतो, तुकडे खाली बुडत जातात. कोंडा तेल धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. कोंडा नसेल तर तेल लगेच वर येऊन वाऱ्यावर जातं आणि खाली काही उरत नाही.

हा माल आदल्या दिवशी गोठवून ठेवला तर बोटीवर बरंच काम वाचतं. पाच लिटरच्या बादल्यांत दाबून भरा, वर बोटभर जागा सोडा, मधोमध दोरीचा फास घालून ठेवा म्हणजे नंतर बाहेर काढता येतो. घरगुती डीप फ्रीजरमध्ये पाच किलोचा गोळा आतपर्यंत कडक व्हायला पूर्ण दिवस लागतो, कधी जास्तच. गोठवायच्या मालात मीठ घालू नका, कारण खारट माल नीट गोठत नाही आणि पाण्यात घातल्यावर पंधरा मिनिटांत भुगा होतो. आपल्याकडचं पाणी २७ ते ३० अंश असतं, त्यात चांगला गोठलेला पाच किलोचा गोळा कांद्याच्या जाळीदार गोणीत पाऊण ते सव्वा तास टिकतो. गोणीवर दुसरी गोणी चढवली तर जरा जास्त. थंड देशांतल्या व्हिडिओंमध्ये एक गोळा तीन तास चाललेला दिसतो, तो हिशेब इथे लागू पडत नाही.

वाट बांधणं

एक नॉट म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. तुम्ही दहा मिनिटांनी एकदा घमेलंभर चारा टाकलात तर दोन ढगांमध्ये तीनशे मीटर रिकामं पाणी पडतं. मागावर आलेली मोरी त्या रिकाम्या पाण्यात वास हरवते आणि दुसरीकडे वळते. तेवढाच चारा अर्ध्या मिनिटाला एक पळी असा टाकलात तर पंधरा मीटरवर पुढचा ढग येतो आणि मधलं अंतर ते ढग पसरून आपोआप भरतं. चारा किती आहे याच्यापेक्षा तो तुटतो आहे की नाही याकडे सगळं लक्ष ठेवा. गळाला मासा लागला, जेवण आलं, फोन आला की सगळ्यात आधी चारा थांबतो. म्हणून एका माणसाला फक्त चाऱ्यावर बसवा आणि त्याला दुसरं काम सांगू नका. दहा मिनिटं चारा बंद पडला तर वाट पुन्हा पहिल्यापासून बांधायची असं समजा.

तीन गोष्टी एकाच वेळी पाण्यात हव्यात.

एक, वरचा गोळा. गोठवलेला गोळा गोणीत घालून बोटीच्या मागच्या टोकाला असा बांधा की लाटेबरोबर तो अर्धा आत, अर्धा बाहेर आपटेल. आपटण्यानेच तो झिजतो. पूर्ण बुडवला तर झिजत नाही, नुसता विरघळतो.

दोन, तेल. पाण्याच्या बाटलीच्या बुचाला दाभणाने भोक पाडा, बाटली उलटी टांगा. मिनिटाला जेमतेम चहाचा एक चमचा तेल पडलं की लिटरभर तेल चार तास पुरतं. पाण्यावर चकचकीत पट्टा दिसू लागतो, तो तुमच्यासाठीही खूण आहे.

तीन, तळाचा चारा. याच्याकडे दुर्लक्ष होतं आणि इथेच मोरी हुकते. माशाचा तुकडा सेकंदाला साधारण दहा सेंटिमीटर बुडतो. एका उभ्या पारदर्शक बरणीत आपला तुकडा टाकून घड्याळ लावलं तर नेमकं माप मिळतं. १५ वाव म्हणजे सुमारे २७ मीटर पाणी. तुकड्याला तळ गाठायला साडेचार मिनिटं लागली तर तेवढ्यात एक नॉटची ओढ त्याला १३५ मीटर मागे नेते. तुमचा तळचा गळ मात्र बोटीखालीच असतो, चाऱ्याच्या वाटेबाहेर. उपाय असा: तीन-चार किलो न गोठवलेला चारा, एक किलो ओली वाळू आणि पाच किलोचा दगड गोणीत घालून तळापासून दोन वाव वर लटकवा आणि दर पाच मिनिटांनी दोरीला दोन झटके द्या. दुसरा उपाय म्हणजे तळचा गळ मागे सोडणं, पण तो सांभाळायला कठीण जातो. आम्ही गोणी पसंत करतो. गोणी प्लास्टिकची असते, ती काहीही झालं तरी परत आणायची.

वारा आणि ओढ एकाच दिशेला असले की सगळं सोपं. सकाळी मतलय (जमिनीकडून येणारा) वारा असताना हे बऱ्याचदा जमतं. दुपारी समुद्रावरून वारा आला की तेलाचा पट्टा एकीकडे आणि बुडणारा चारा दुसरीकडे जातो. अशा वेळी तेल बंद करा, नाहीतर मोरी पट्ट्याच्या मागे जाऊन गळाबाहेरून निघून जाते. तळाच्या गोणीवर भर द्या.

नांगरायचं की वाहत जायचं? चिखलाच्या सपाट तळावर इंजिन बंद करून वाहत जाण्यात बरंच पाणी धुंडाळलं जातं. पण बोट वाऱ्याने ओढीपेक्षा जास्त वेगाने सरकते तेव्हा चाऱ्याची रेघ तिरकी होते. मोठी बादली दोरीने बांधून नाळेकडून (बोटीच्या पुढच्या टोकाकडून) पाण्यात सोडली की बोट आवरते. खडपाच्या (पाण्याखालच्या खडकाच्या) कडेला किंवा तळ एकदम उतरतो तिथे नांगरून बसा, ओढीच्या वरच्या अंगाला, म्हणजे चारा खडपावरून जाईल.

दिवस निवडताना उधाण टाळा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओढ एवढी असते की चारा विरळ होतो आणि शिसं कितीही लावलं तरी गळ वर उचलला जातो. अगदी भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, ओढ मरते आणि चारा बोटीभोवती साचून बारक्या माशांची जत्रा जमते. अष्टमी उलटल्यानंतरचे दोन-तीन दिवस सगळ्यात बरे. समुद्र निवळल्यावर, ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत बसता येतं. मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे हे वादळांचेही महिने आहेत, तेव्हा हवामान खात्याचा इशारा बघूनच.

आमिष

चाऱ्यात जे मासे आहेत त्यातलाच, पण सगळ्यात ताजा मासा गळावर हवा. तारली मऊ असते, गळावर टिकत नाही. ती चाऱ्यालाच ठेवा. बांगडा २०० ते २५० ग्रॅमचा, कडक, डोळे चमकदार. त्याची शेपटी कापून टाका. शेपटी राहिली तर ओढीत आमिष गरगर फिरतं, तारेला पीळ पडतो आणि मोरी हुंगून निघून जाते. दोन्ही बाजूंना हाडापर्यंत तिरक्या तीन चिरा द्या. गळ खालच्या ओठातून वर काढून वरच्या जबड्यातून बाहेर आणा आणि तोंड दोऱ्याने दोन वेढे देऊन शिवा. शिवलं नाही तर तोंडात पाणी भरून पोट फाटतं.

मोठ्या मोरीसाठी बांगडा पंख्यासारखा उघडा. शेपटीकडून दोन्ही बाजू हाडापासून डोक्यापर्यंत सोडवा, हाड डोक्याजवळ तोडून काढा. दोन्ही बाजू पाण्यात फडफडतात आणि भरपूर रस सोडतात. वीस मिनिटांनी मात्र तो धुतला जाऊन पांढरा पडतो. पांढरं आमिष मोरी घेत नाही, केंड घेतो. उघडलेला बांगडा वीस मिनिटांनी आणि बाकी प्रत्येक आमिष अर्ध्या तासाला बदलायचं, ते अख्खं दिसत असलं तरी.

कुप्याच्या पोटाची पट्टी, २० सेंटिमीटर लांब, चार रुंद, कातडीसकट, हे आमच्या मते कोकणातलं सगळ्यात भरवशाचं आमिष. कातडीमुळे ती टिकते, पोटाच्या चरबीतून तेल सुटत राहतं. गळ एका टोकाला कातडीकडून एकदाच घाला. दोन-तीनदा टोचून गोळा केलात तर गळाचं टोक मांसात लपतं आणि मोरी लागत नाही. माकूल (स्क्विड) चिवट असतं, केंडाला पुरून उरतं, पण माकुलाच्या आमिषाला कासवं जास्त लागतात. किनाऱ्यावर वेळास, आंजर्ले, गुहागरला त्यांची अंडी जपायची आणि आत समुद्रात त्यांना गळ लावायचे, हे बरोबर नाही. माशाचंच आमिष वापरा.

जिवंत आमिष हवं असेल तर खाडीच्या मुखाशी पागाने (फेकजाळ्याने) बोय मासे धरा. १०० लिटरच्या पिंपात दहा-बारापेक्षा जास्त नको, पाणी वीस मिनिटांनी बदला. गळ पाठीच्या पराच्या पुढे, कातडीखालून उथळ घाला. कण्याला लागला तर बोय लगेच मरते.

आमिषाला वजनाएवढा बर्फ. पण माशाला वितळलेलं गोडं पाणी लागू देऊ नका, त्याने मांस फुगून मऊ पडतं. मासे पिशवीत घालून बर्फात ठेवा, किंवा बर्फात समुद्राचं पाणी मिसळा. आदल्या दिवशी घेतलेला बांगडा घट्ट करायचा असेल तर किलोला पाव किलो जाडं मीठ लावून रात्रभर थंड जागी ठेवा.

गळ, तार, दोरा

गोल वळणाचा गळ घ्या, ज्याचं टोक दांड्याकडे वळलेलं असतं. २० किलोपर्यंतच्या मोरीला ८/० ते १०/०, त्याहून मोठीला १४/० ते १६/०. असा गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात लागतो, घशात जात नाही. स्टेनलेसचा नको, तुटून राहिला तर साधा गळ गंजून पडतो. गळाला अर्धा मीटर पोलादी तार, पुढे फिरकी, मग अडीच ते तीन मीटर दीड-दोन मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा). तार दातांसाठी आहे, तंगूस कातडीसाठी. मोरीची कातडी कानशीसारखी खरखरीत असते, ती अंगाला घासून साधा दोरा कापते.

तीन दोऱ्या पुरे. एक पाण्याच्या वरच्या थरात, तीन वावांवर, बोटीपासून ४० मीटर मागे, एक मध्यावर २५ मीटर मागे, एक तळाच्या गोणीजवळ. तरंगायला फुगे लावू नका, फुटलेले फुगे कासवं गिळतात. फोमचा तुकडा किंवा दोरीने बांधलेली रिकामी बाटली घ्या. रीलचा ड्रॅग (दोरा सुटू लागतो तो ताण) दोऱ्याच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर ताणकाट्याने मोजून लावा. हातदोरीवर असाल तर जाड हातमोजे घाला आणि दोरी हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नका.

मोरी आल्यावर

चाऱ्यातल्या बारक्या माशांची टोचाटोची अचानक थांबली की सावध व्हा. मोठं काहीतरी खाली आलेलं असतं. तुकडे टाकणं लगेच बंद करा, फक्त तेल आणि गोळा चालू ठेवा, म्हणजे वास राहतो आणि खायला तुमचंच आमिष उरतं. बोटीजवळ दिसली म्हणून हात पाण्यात घालायचा नाही, रक्ताचे हातही तिथे धुवायचे नाहीत. आकाराने अवाढव्य, पाठीवर पांढरे ठिपके असलेला मासा आला तर तो व्हेल शार्क. सगळ्या दोऱ्या वर घ्या आणि तो जाईपर्यंत थांबा.

आमिष उचललं गेलं की झटका देऊ नका. गोल गळाला झटका दिला तर तो तोंडातून सरळ बाहेर येतो. पाच-सहा सेकंद दोरा जाऊ द्या, मग हळूहळू ताण वाढवा. मोरी पुढे जाते आणि गळ कोपऱ्यात फिरतो. आमिष वारंवार चावून सोडलं जात असेल तर ते मोठं आहे, पट्टी अर्धी करा. तार सलग कुरतडलेली आली तर मोरी मोठी आहे, तार लांब करा.

सोडायची मुशी बोटीत घेऊ नका. पाण्याबाहेर तिच्या पोटातले अवयव स्वतःच्या वजनानेच दबतात. डोकं पाण्यात, ओढीकडे तोंड, आणि लांब दांड्याच्या कटरने तार गळाजवळ कापा. मासा ओढायची आकडी मारू नका. एक ब्लॅकटिप मुशी पिल्लं १० ते १२ महिने पोटात वाढवते आणि एका खेपेला साधारण ४ ते ७ पिल्लं देते. बांगड्याच्या हिशेबाने मुश्या धरल्या तर त्या संपतील. फुगलेल्या पोटाची मादी दिसली तर सोडाच.

बाजारात येणारी लहान मोरी घरी न्यायची असेल तर लगेच कल्ल्याजवळ कापून रक्त काढा, आतडी काढा आणि बर्फात घाला. तिच्या मांसात युरिया असतो, उन्हात राहिली तर त्याचा अमोनिया होतो आणि आमटीला तो वास येतो. नंतर कितीही चिंच-कोकम घातलं तरी जात नाही.

उरलेला चारा परतताना बंदराजवळ किंवा खाडीत ओतू नका. तिथे मासे मरतात, किनाऱ्यावर घाण येते. तो झाकणाच्या पिंपात घरी आणा आणि नारळाच्या आळ्यात बुंध्यापासून तीन-चार फुटांवर, दीड फूट खोल पुरा. वर माती चांगली दाबून झावळ्या ठेवा, नाहीतर कुत्री उकरतात. बादल्या आणि गोण्या आधी समुद्राच्या पाण्याने, मग राख किंवा साबणाने धुवून उन्हात वाळवा. खिमा यंत्राची जाळी काढून वेगळी घासा, तिच्या भोकांत राहिलेला माल दुसऱ्या दिवशी कुजून पुढच्या चाऱ्यात मिसळतो.